पडद्यामागची गिटार

शेवग्याला फुलं आली की मला अजूनही खाकरून घसा साफ करावासा वाटतो. वयाची साठी जवळ आली, गाणं सुटून जमाना झाला. आता गाते ती फक्त नातवाला झोपवायला, आणि तोही म्हणतो, आजी, नको. तरी फेब्रुवारीतल्या सकाळी खिडकी उघडावी, खाली शेवग्याचा पांढरा सडा दिसावा, हवेत थोडा गारवा आणि थोडी धूळ असावी, की माझा घसा आपोआप तयारीला लागतो. तो मोसम केव्हाच संपला हे त्याला कोण सांगणार?

मोसम म्हणजे बँडचा. अंधेरी पूर्वेच्या आमच्या गावठाणात तो नाताळला सुरू व्हायचा आणि राखेच्या बुधवारी संपायचा. त्या बुधवारी चर्चमध्ये प्रत्येकाच्या कपाळाला राख लागे, आणि तिथून थेट ईस्टरपर्यंत ना लग्न, ना नाच, ना बाजा. म्हणून आधीच्या आठवड्यांत वाजवता येईल तेवढं वाजवून घ्यायचं. लग्नात वाजवायचं, नामकरणाला वाजवायचं, आणि दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की गावठाणाच्या हॉलमध्ये जॅम. जॅम म्हणजे भर सकाळी भरणारा नाच. हॉलच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवायचे, दारांवर चादरी टांगायच्या, लाल-निळे बल्ब लावायचे आणि बाहेर लख्ख ऊन असताना आत रात्र करायची. रात्रीच्या नाचाला मुलींना घरून कोण सोडणार? म्हणून ही दिवसाढवळ्याची रात्र. एक वाजला की कागद सोलून काढायचे आणि डोळे चोळत जेवायला घरी जायचं.

आम्ही त्या गावठाणातले नव्हे. वडील मालवणकडचे, गिरणीत कामाला. आम्ही तिथल्या एका ख्रिस्ती घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. शेजारपाजार सगळा मराठी बोलणारा, पण येशूला मानणारा. त्यांच्या अंगणात क्रूस, आमच्या दारात तुळस, आणि बोंबील दोन्हीकडे सारखेच वाळत असत. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. इंग्रजी गाणी मी कॅसेट ऐकून पाठ करायची, अर्थ निम्मा कळायचा आणि निम्मा मी मनाने लावायची. पण आवाज खणखणीत होता. भजनात घासलेला होता. 'लँटर्न्स' नावाच्या बँडला गाणारी मुलगी हवी होती, आणि वडिलांनी 'सकाळीच असतं ना, आणि चर्चच्या बाजूलाच ना' एवढं विचारून परवानगी दिली. आई मात्र शेवटपर्यंत कुरकुरत राहिली. "देवळातली भजना सोडून हय काय बोंबलतंस गो?" ती म्हणायची, आणि मी बोंबलायला निघायची.

बँडमध्ये मला सनी म्हणत. सुनंदा हे नाव माईकवर शोभत नाही, असं रॉनीचं म्हणणं होतं. रॉनी ड्रम वाजवायचा. अंगाने आडदांड, डोक्याने गरम, आणि स्वतःला बँडचा मालक समजणारा. सगळ्यांत शांत इनास. तो गिटार वाजवायचा. खरं म्हणजे लोक यायचे ते इनाससाठी. मी गात असले तरी नाचणाऱ्यांचे पाय त्याच्या हाताकडे बघून पडायचे, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचा राग येत नव्हता.

त्याची गिटार विकतची नव्हती. त्याचे वडील सुतार. पोराने मासिकातला एक फोटो आणून दाखवला, आणि बापाने त्यावरून फणसाच्या फळीची विजेवर वाजणारी गिटार बनवली. तारा आणि आतलं यंत्र तेवढं शहरातून आणलं. रंग द्यायला त्यांनी नकार दिला. फणसाचं पिवळं अंग तसंच ठेवून वर नुसतं पॉलिश मारलं. जॅम सुरू झाला की ते हॉलच्या दाराशी उभे राहायचे, हाताची घडी, मान खाली. गाणं त्यांना कळत नसे. ते लाकूड ऐकायला येत.

एका पावसाळ्याच्या शेवटी, कामावर असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. घरी आणलं ते झाकूनच.

सुतक मला माहीत होतं. आमच्याकडे दिवस असतात, ते संपले की गोड करतात आणि माणसं कामाला लागतात. इनासच्या घरचा दुखवटा वर्षाचा होता. त्याची आई, तेरेजमावशी, काळ्या लुगड्यात गेली. रेडिओवर काळं कापड पडलं. इनासच्या बाहीला काळी पट्टी शिवली गेली. वर्षभर घरात गाणं नाही, घरातल्या कुणी कुणाच्या नाचाला जायचं नाही, वाजवायचं तर नावच नको. जुन्या बायकांचा यावर डोळा असे. कुणाच्या घरातून शिट्टीचा आवाज आला तरी दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याची चर्चा व्हायची. मी आईला म्हटलं, अगं, इनास बिचारा एवढा चांगला वाजवतो, त्याला कशाला ही शिक्षा? आईने भाकरी थापता थापता सांगितलं, "दुखवटो माणसाक नसता गो, घराक असता."

मावशी वाईट नव्हत्या. हे मी आज सांगते आहे असं नाही, तेव्हाही मला माहीत होतं. माझे केस विंचरून त्यांनी कितीदा अबोलीचा वळेसर माळला असेल. पण नवरा गेल्यावर त्यांनी नियम घट्ट धरला, कारण धरायला दुसरं काही उरलं नव्हतं. त्या इनासला एकच म्हणाल्या, आणि ते मी त्यांच्याच ओट्यावर बसून ऐकलं. "तुझ्या पपाला कोण नाव ठेवणार नाय असा एक वरस काढ. येवडाच मागते."

इनासने नाताळपर्यंत काढलं. मग एक दिवस तो रॉनीच्या घरी आला. आम्ही तालीम करत होतो. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "घरात बसलो ना यार, की पपांचा रंधा ऐकू येतो. दिवसभर. वाजवलं की बंद होतो."

तेव्हा आम्ही विशीतले होतो, मरणाशी बोलायची सवय नव्हती. रॉनीनेच तोडगा काढला. हॉलच्या स्टेजला दोन पडदे होते, एक पुढचा आणि एक मागचा, नाटकात देखावे बदलायला. मागच्या पडद्याच्या मागे माणूस उभा राहील एवढी चिंचोळी जागा, आणि तिथे मागचं दार. दाराबाहेर एक पायरी, पायरीसमोर सिमिटरीची, म्हणजे कबरस्तानाची, भिंत. "तू मागं उभा राहा," रॉनी म्हणाला. "दिसला नाहीस म्हणजे झालं. लोक काय कानाने दुखवटा मोजतात?"

आज मला त्या युक्तीचं हसू येत नाही. सगळं गावठाण ओळखत होतं असा त्याचा हात, आणि आम्ही समजत होतो की कापड टांगलं की तो लपेल. पण झालं असं, की तो लपला. ज्यांना कळलं त्यांनी कळलं नसल्यासारखं केलं. पोरांनी विचारलं नाही, मोठी माणसं जॅमला येत नसत, आणि येणारे निम्मे बाहेरचे असायचे, मुलुंडचे, बोरिवलीचे, वांद्र्याचे. त्यांना दिसायची पुढे गाणारी मी, ड्रमवर रॉनी, बाजूला बास वाजवणारा एक मुका पोरगा. आणि कापडातून निघणारी गिटार.

त्या रविवारांबद्दल लिहायला बसले की हातातलं पेन थांबतं. मी पडद्याला पाठ करून उभी असायची. पडदा मरून रंगाचा, जुना, त्याला कुबट वास. गाण्याच्या भरात इनासचं कोपर पडद्याला लागायचं आणि तो फुगवटा माझ्या पाठीला जाणवायचा. आम्ही एकमेकांना बघू शकत नव्हतो. एरवी तो मानेने खूण करायचा, आता कडवं संपलं, आता तू उचल. आता खूण नाही. मग मी त्याच्या श्वासावर गायला शिकले. सूर धरायच्या आधी तो नाकाने श्वास घ्यायचा, तो ऐकू आला की माझं तोंड उघडायचं. वरून विमान गेलं की काही ऐकू यायचं नाही, पत्र्याचं छप्पर थरथरायचं, आणि आमची तारांबळ उडायची. आमच्याकडे विमानं फार. विमान गेल्यावर परत त्याचा श्वास सापडला की मला इतकं बरं वाटायचं, की त्याला दुसरं नाव द्यायला हवं होतं. मी दिलं नाही, त्यानेही दिलं नाही. तो विषय तिथेच.

इनासने त्या मोसमात जसं वाजवलं तसं आधी कधी वाजवलं नव्हतं. नाचाची गाणी तीच, पण मधेच एखादी ओळ तो अशी लांबवायचा, की नाचणारी जोडपी पाय ओढत थांबायची. तरी एक खोट होती. आवाज दबलेला यायचा. गिटारचा स्पीकर तो मागच्या दाराकडे तोंड करून ठेवायचा. आमच्याकडे यायची ती त्याची पाठ, तीही पडद्यातून गाळून. रॉनी वैतागला. "अरे ए, अँप उलटा का ठेवतोस? आमच्याकडे कर ना."

"पडदा थरथरतो," इनास म्हणाला. "लोकांना कळेल मागे कोणी आहे."

ते पटण्यासारखं होतं. तरी मला वाटायचं, खरं कारण दुसरं आहे. दारापलीकडे सिमिटरी होती, आणि भिंतीला लागूनच त्याच्या वडिलांची जागा. तो त्यांना ऐकवत असणार, असं मी मनाशी धरलं आणि कुणाला बोलले नाही. स्वतःच्या शहाणपणावर मी तेव्हा फार खूश असायची.

बँडचे दिवस भरत आलेत हे आम्हाला दिसत होतं, पण बघायचं नव्हतं. बोरिवलीच्या एका हॉलने त्या वर्षी बँड बंद करून टेप सुरू केली होती. एक पोरगा, दोन टेपरेकॉर्डर, भरपूर दिवे. ना तालीम, ना रुसवे, ना घसा बसणं. गाणं हुबेहूब मूळच्यासारखं, कारण ते मूळचंच. चार-पाच माणसांना जेवायला घालण्यापेक्षा एक पोरगा परवडतो, हा हिशेब कुणालाही कळेल. आम्ही चिडून म्हणायचो, टेपवर नाचणं म्हणजे फोटोशी लग्न लावणं. पण पोरं टेपवर नाचत होती, आणि मजेत नाचत होती. उलट आता त्यांना बँडमध्ये चुका ऐकू येऊ लागल्या होत्या. आणखी एक झालं होतं. काही बँड म्हणे नुसते उभे राहून हात हलवत आणि मागे टेप लावत. खरं असेल, नसेल. पण हॉलमध्ये येणारा माणूस आता संशय घेऊनच यायचा.

आणि आमच्याकडे तर गिटार ऐकू येत होती आणि गिटारवाला नव्हता.

आधी कुजबुज झाली. वांद्र्याची काही पोरं स्टेजच्या बाजूला येऊन वाकून बघत. मग कुणीतरी म्हणालं, नीट ऐका, आवाज डब्यातून आल्यासारखा दबका येतोय, हा टेपचाच आवाज. रॉनीच्या कानावर ते आलं तेव्हा त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. रॉनी कसाही असला तरी त्याच्या हाताला फोड असत, खरे फोड, त्यांवर पट्ट्या चिकटवून तो वाजवायचा. त्याला कुणी चोर म्हणावं? त्याने इनासला सांगितलं, "अँप फिरव, नाहीतर बाहेर ये. आपली वाट लागेल." इनास म्हणाला, बुधवारपर्यंत थांब. एकच रविवार राहिला आहे.

तो रविवार राखेच्या बुधवारच्या आधीचा. मोसमाचा शेवटचा जॅम, म्हणून हॉल खचाखच भरलेला. उकाडा सुरू झाला होता, काळे कागद घामाने सुटून लोंबत होते. मला आठवतं, मी मोतिया रंगाचा फ्रॉक घातला होता, रॉनीच्या बहिणीचा, कमरेत टाचण्या लावून घट्ट केलेला, आणि श्वास घेतला की एक टाचणी टोचायची. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत ठीक चाललं. मग एक संथ गाणं आलं. मधे विमान गेलं. ते गेल्यावर मी इनासचा श्वास शोधत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "टेप बंद कर!"

हशा झाला. आणखी दोघं ओरडले. पाय आपटायला लागले, पत्र्याखाली तो आवाज फार मोठा होतो. मी गायची थांबले. बास थांबला. पडद्यामागे इनासला काय चाललंय ते दिसत नव्हतं. तो क्षणभर तसाच वाजवत राहिला आणि मग थांबला. झालं. "बघा, बघा, टेप अडकली!" हॉल हसून लोटपोट झाला. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती काही कारण नसताना वाटत होती, म्हणून आणखी राग येत होता.

रॉनी उठला. त्याने काड्या खाली टाकल्या, मागे वळला आणि पडदा दोन्ही हातांनी धरून ओढला. नुसता सरकवला नाही, ओढला. कड्या तुटून स्टेजवर घरंगळल्या.

इनास आमच्याकडे पाठ करून उभा होता. स्पीकर त्याच्यासमोर, आणि त्याच्या समोरचं मागचं दार हातभर उघडं. त्या फटीतून बाहेरचं ऊन आत आलं आणि आमची रात्र फाटली. सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. मला त्या उजेडात फक्त त्याच्या बाहीवरची काळी पट्टी आणि फणसाचं ते पिवळं लाकूड दिसलं. तो सावकाश वळला. त्याच्या तोंडावर जे होतं त्याला मी भीती म्हणणार नाही. हातातून काहीतरी पडून फुटल्यावर माणूस जमिनीकडे बघतो, तसा तो आमच्याकडे बघत होता.

बाहेरच्या पोरांना वाटलं, अरे, खराच आहे की. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवायला घेतल्या. पण आमच्या गावठाणातली पोरं खाली बघत होती. टाळ्या दोनचार वाजून विझल्या. इनासने वायर काढली, गिटार पाठीला लावली आणि त्याच दाराने निघून गेला.

सांजेपर्यंत बातमी सगळ्या घरांत पोचली होती. मला वाटलं होतं, मावशी त्याला बदडतील, रडतील, घराबाहेर काढतील. तसलं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी भीत भीत गेले तर त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत रेडिओवरचं कापड बदलून नवं घातलं होतं, कडक, अजून खळीचा वास येणारं. इनासच्या बाहीलाही नवी पट्टी. "मोडलेला दुखवटा धरत नाय," त्या म्हणाल्या. "परत पयल्यापासून." म्हणजे वर्ष त्या रविवारपासून नव्याने सुरू झालं होतं. शिक्षा म्हणून त्या बोलत नव्हत्या. वीण चुकली की उसवून पहिल्यापासून घालावी, तशा सुरात बोलत होत्या. गिटार एका काळ्या कापडात गुंडाळून इनासच्या वडिलांच्या फोटोखाली टांगली होती. इनास आत होता, पण बाहेर आला नाही.

ते दुसरं वर्ष पुरं व्हायच्या आत तो मस्कतला गेला, वायरमन म्हणून. लँटर्न्स मोडला. ईस्टरनंतर आमच्याही हॉलमध्ये टेप आली, आणि वांद्र्याची पोरं त्यावर नाचली. रॉनीशी मी पुढे कित्येक वर्षं बोलले नाही. त्याने काय वाईट केलं, असं लोक मला विचारत, आणि मला नीट सांगता येत नसे. तो खोटं बोलला नव्हता. त्याने सगळ्यांना खरं तेच दाखवलं होतं. एकदा बाजारात तो समोर आला, हातात कोथिंबिरीची जुडी, केस पांढरे झालेले, आणि म्हणाला, "सनी, आपण चोर नव्हतो ना?" मी म्हटलं, नव्हतो. तेवढ्यावर आमचं पुन्हा बोलणं सुरू झालं.

माझं लग्न अंधेरीतच झालं, त्यामुळे मी गावठाणापासून लांब गेले नाही. गावठाण मात्र माझ्यापासून लांब गेलं. शेतांवर कारखाने आले, कारखान्यांवर काचेच्या इमारती आल्या. विहीर बुजवली. हॉल उरला आहे, पण त्याला आता वातानुकूलित केलंय आणि तिथे वाढदिवस होतात. इनास मस्कतहून दर दोनचार वर्षांनी यायचा. पोट सुटलेला, कमी बोलणारा, सगळ्यांना अत्तराच्या बाटल्या देणारा. आईजवळ बसायचा, दोघं टीव्ही बघायची, आवाज बंद करून. लग्न त्याने केलं नाही. कापडातली गिटार भिंतीवरच होती, आणि कुणी तिचं नाव काढत नसे. मावशींचं काळं लुगडं कधीच उतरलं नाही. नव्याने धरलेलं वर्ष संपलं, त्याच्यावर वर्षांमागून वर्षं गेली, पण त्या म्हणायच्या, आता सवय झाली.

दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांनी अंथरूण धरलं. मी अधूनमधून तांदळाची पेज घेऊन जायची. एक दिवस त्यांना जरा हुशारी होती. हॉलमध्ये कुणाच्या तरी साखरपुड्याची गाणी लागली होती, ती खिडकीतून येत होती. मी खिडकी लावायला उठले तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." मग छताकडे बघत बोलू लागल्या.

"सुनंदा पोरी, मी ऐकायचे."

"काय ऐकायचात मावशी?"

"त्याची गितार. आयतवारी मी सिमिटरीन जायचे ना मेणबत्ती लावाया, तवा येताना हॉलच्या मागल्या पायरीवर बसायचे. सगला मोसम. लोकांना वाटायचा म्हातारी कबरीवर रडते."

मी परत त्यांच्या अंथरुणाशी येऊन बसले.

"तेच्या पपाचा लाकूड. तो असा बोलायचा ना, जाडा, तसाच आवाज," त्या म्हणाल्या. "पडदा व्हता तवर बरा व्हता. तो दिसत नव्हता, मी दिसत नव्हते. मंग पडदा पडला न् दारातशी गलका ऐकला. मी उठून पलाले. घरी आले न् मंग मना आई व्हावा लागला." त्यांनी माझा हात धरला, हातात नुसती हाडं होती. "तेला सांगू नको. तेला वाटल, आई खोटारडी."

गेल्या फेब्रुवारीत त्या गेल्या. शेवगा असाच फुलला होता. इनास आला, कायमचाच आला; मस्कतची नोकरी संपली होती. मातीनंतर सगळे पांगले, आणि आम्ही दोघं हॉलच्या त्या मागच्या पायरीवर बसलो, कारण बसायला सावली तिथेच होती. समोर भिंत, भिंतीपलीकडे ओली माती. मी शब्द दिला होता, पण तो शब्द ज्यांना दिला त्या आता भिंतीपलीकडे होत्या, आणि हा इथे माझ्या शेजारी रिकामा बसला होता. मी सांगितलं. अक्षर न् अक्षर सांगितलं.

तो रडेल असं मला वाटलं होतं. त्याने फक्त पायाने पायरीवरची माती सारखी केली.

"तिच्या चपला दिसायच्या," तो म्हणाला. "दाराच्या खालून. पहिल्याच रविवारी दिसल्या. एक अंगठा तुटलेली, पिनने जोडलेली."

"तुला माहीत होतं?"

"म्हणून तर अँप फिरवला ना, सनी. नाहीतर तिला काय ऐकू येणार होतं, ड्रमच्या गोंगाटात? आणि दार थोडं उघडं ठेवायचो."

अँप फिरवला म्हणून आवाज दबला होता. आवाज दबला म्हणून लोकांना टेप वाटली. आणि टेप वाटली म्हणून रॉनीने पडदा ओढला. एवढी वर्षं मी रॉनीला, मावशींना, वांद्र्याच्या पोरांना, आळीपाळीने सगळ्यांना दोष देऊन बघितला होता, आणि यातल्या कुणाचंच काही चुकलं नव्हतं, हे त्या पायरीवर कळलं. ते कळून बरं वाटायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं.

"मग तिला कधी सांगितलं का नाहीस? एवढ्या वेळा आलास, शेजारी बसलास."

"सांगितलं असतं तर तेव्हाच उठून गेली असती ना ती," तो म्हणाला. "आणि नंतर... नंतर मला वाटायचं, तिला वाटेल मी तिला पकडलं." मग म्हणाला, "रॉनीला सांगू नको हां. त्याला वाटेल त्याच्यामुळे."

म्हणजे सांगू नको म्हणणारे दोन झाले. मी रॉनीला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी उठताना मी इनासला म्हटलं, आता तरी ती गिटार काढ. त्याने बाही पुढे केली. काळी पट्टी शिवलेली होती, स्वतःच शिवली असणार, टाके वेडेवाकडे. "वर्ष आहे," तो म्हणाला. "या वेळी पूर्ण धरणार."

ते वर्ष आता संपलं. वर्षाचा मिस्सा झाला, पट्टी निघाली, रेडिओवरचं कापडही त्याने काढून घडी करून ठेवलं आहे, मी बघून आले. गिटारचं कापड काढलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आता ऐकायला कोण आहे?" मी समोरच उभी होते.

राखेचा बुधवार जवळ आला आहे. सकाळी भाजी आणायला जाते तेव्हा मी मुद्दाम त्याच्या घरावरून जाते आणि दारापाशी जरा रेंगाळते. आतून बातम्या ऐकू येतात, कुकरची शिट्टी ऐकू येते, वरून विमान जातं. विमान गेल्यावर मी थोडं थांबते, पूर्वी थांबायची तशी, आणि मग भाजीला जाते.